घरात उरलेल्यांचे बेचाळीस

(आष्टी येथे हुतात्मा स्मृतिदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१६ ऑगस्ट १९४२ ची हकीगत आष्टीत येऊन सांगणे म्हणजे काशीकरांना गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. वंदनीय तुकडोजी महाराजांच्या भजनांनी जागा झालेला हा परिसर, पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठी निघालेला जमाव, गोळीबार, त्यात पडलेले सहा गावकरी आणि नंतर उसळलेला संताप हे सारे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. हुतात्म्यांची नावे त्यांना पाठ आहेत. मी आज त्या मोर्च्यात नसलेल्यांविषयी बोलणार आहे.

त्या दिवशी नागपंचमी होती. चिरू नये, कापू नये, जमीन खणू नये, असा आपल्याकडचा सणाचा दंडक. घरोघरी पूजा आटोपल्या असतील, पोरीबाळी झोक्यांवर असतील. संध्याकाळपर्यंत गावातले सहा जण गेले होते आणि ठाण्यातील फौजदारासह पाच पोलीसही मारले गेले होते. (त्या पाचांचीही घरे होती, हे स्मृतिदिनी म्हटल्याने आपल्या हुतात्म्यांचे मोठेपण उणावत नाही.) पुढे सरकारी सूडचक्र फिरले, धरपकड झाली. पण दिवस श्रावणाचे होते. कपाशीत निंदण उभे होते, बैलांना वैरण हवी होती, लेकरांना भाकरी हवी होती. घरधनी तुरुंगात किंवा रानात असता हे कोणी केले? रात्री दारावर थाप पडली की दार कोण उघडत होते?

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला, याची मी कबुली देतो. १९९१ मध्ये मी वृत्तपत्रात उमेदवारी करत होतो. आखाती युद्ध संपले होते. उत्तर इराकमधील कुर्दांनी सद्दाम हुसेनच्या राजवटीविरुद्ध उठाव केला आणि तो चिरडला गेला. दहा लाखांहून अधिक माणसे तुर्कस्तान आणि इराणच्या सीमेवरील डोंगरांकडे पळाली. चिखलातून, बर्फातून मुले पाठुंगळी घेऊन चाललेल्या बायांची छायाचित्रे आमच्याकडे येत. मी त्यांखाली ओळी लिहीत असे. लढवय्यांची, त्यांच्या नेत्यांची नावे लिहिली. त्या बाया कुठून आल्या, मागे काय टाकून आल्या, हे विचारावेसेही वाटले नाही. त्यानंतर काही वर्षांनी आष्टीत आलो. बेचाळीस पाहिलेली दोन-तीन घरे फिरलो. घरातल्या आजींनी चहा केला, तो प्यायलो आणि प्रश्न मात्र ओसरीवरच्या आजोबांना विचारून परतलो. आज त्या आजी नाहीत.

कुर्दांची कथा आष्टीकरांना परकी वाटू नये. १९२० च्या सेव्हर्सच्या तहात त्यांना स्वायत्ततेचे आणि पुढे स्वातंत्र्याचे आश्वासन होते. १९२३ च्या लोझानच्या तहात त्याचा मागमूसही उरला नाही. समाज चार देशांत विभागला गेला: तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया. १९४६ मध्ये इराणमधील महाबाद येथे त्यांचे प्रजासत्ताक उभे राहिले, वर्षभरही टिकले नाही. त्याचे अध्यक्ष काझी मोहम्मद यांना १९४७ च्या मार्चअखेरीस फासावर चढवण्यात आले. आपण स्वतंत्र होण्याच्या जेमतेम साडेचार महिने आधी! १६ मार्च १९८८ ला हलब्जा या गावावर विषारी वायूचा मारा झाला आणि सुमारे पाच हजार माणसे मेली. ती रणांगणावर नव्हती, घरांत आणि गल्ल्यांत होती. २५ सप्टेंबर २०१७ ला इराकमधील कुर्दांनी सार्वमत घेतले, नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. एकाही मोठ्या राष्ट्राने ते मानले नाही आणि महिन्याभरात किर्कुक हातचे गेले. डोंगरांशिवाय आपल्याला मित्र नाही, अशी त्यांच्यात म्हणच आहे.

आष्टी-चिमूरला मात्र मित्र होते. ही गोष्ट मला हौतात्म्याइतकीच महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. चिमूरलाही त्याच दिवशी उठाव झाला आणि त्यानंतर आलेल्या गोऱ्या सैनिकांनी तिथल्या स्त्रियांवर अत्याचार केले. सरकारने बातम्या दाबल्या. तेव्हा नागपूरच्या भगिनी चिमूरला गेल्या, डॉ. मुंजे गेले. लाजेकाजेस्तव बायका परक्या पुरुषापुढे बोलल्या नसत्या. बाईपुढे त्या बोलल्या. सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य बापूजी अणे यांच्या दारी गेले. तिथे दाद लागली नाही. त्यांनी उपोषण मांडले. त्यांना पकडून सेवाग्रामला आणले, तरी ते चिमूरकडे पायी निघाले. उपोषण ६३ दिवस चालले. त्याची बातमी छापायलाच बंदी होती. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. माझ्या व्यवसायाच्या वाट्याला असे दिवस फार आलेले नाहीत, म्हणून तो मुद्दाम सांगतो.

खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे यांनी या कैद्यांसाठी जिवाचे रान केले. गांधीजींनी आवाज उठवला. अखेर १९४५ मध्ये शिल्लक राहिलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. म्हणजे तीन वर्षे काही घरांत एक बाई रोज सकाळी उठून अंगण सारवत होती आणि आपले कुंकू आज आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. स्वातंत्र्याची आशा या शब्दाचा तिच्यापुरता अर्थ काय होता? सुराज्य, की फक्त नवरा परत येणे? मला वाटते, तिने या दोन गोष्टी वेगळ्या केल्याच नसतील. डोंगर चढणाऱ्या त्या कुर्द मातेनेही केल्या नसतील.

तिची कथा तिच्या तोंडून ऐकायची वेळ निघून गेली आहे. सुनांना, नातींना तिने काही सांगितले असेल; जात्यावर, अंधारात, सहज. उद्या सकाळी मी आष्टीतच आहे. ज्यांच्या घरी असे काही ऐकलेले असेल, त्या माताभगिनींनी थोडा वेळ द्यावा. चहाची तसदी घेऊ नये. लिहून घ्यायला वही आणली आहे.