भाड्याची बोट, मालवणचा समुद्र

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात आपल्या सोसायटीतले आम्ही चौदा जण मालवणला गेलो आणि तिथे बोट भाड्याने घेऊन फिरलो. त्याची हकिकत मी सांगावी असं कमिटीने ठरवलं. एक खुलासा आधीच करतो, कारण पार्किंगमधली चर्चा माझ्याही कानावर आली आहे. या सहलीला सोसायटीच्या खात्यातला एक रुपया लागलेला नाही. ज्याची त्याने वर्गणी भरली. सिंकिंग फंडाचा तर प्रश्नच नव्हता. बोटीत बसायला निघालेल्या माणसाने त्या फंडाचं नावसुद्धा काढू नये.

संभाजीनगर ते मालवण सहाशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरला मुक्काम केला, राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो आणि देवबागला पोचलो. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. आपल्यातल्या तळमजल्यावरच्या आजींनी वयाच्या ८१ व्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् टँकर भरायच्या कामाचं नाही."

बोट म्हणजे सिनेमातली पांढरीशुभ्र यॉट नव्हती. फायबरची, वर छत, दोन बाजूंना बाकं. सकाळपासून दुपारपर्यंत सबंध बोट आमची. प्रत्येकाच्या गळ्यात लाइफ जॅकेट घातलं. मेरीटाईम बोर्डाचा परवाना मी मागून पाहिला. सगळी नोकरी कागद तपासण्यात गेली, सवय जात नाही. तांडेलाने तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला आणि तेव्हापासून मला 'साहेब' म्हणायला लागला.

आता डॉल्फिनबद्दल. निघण्याआधी आपल्याच शहरातल्या एका टूरवाल्याने आम्हाला 'डॉल्फिन दर्शन गॅरंटी, न दिसल्यास अर्धे पैसे परत' असं पॅकेज देऊ केलं होतं. काही सभासदांना ते फार पटलं होतं. मी विरोध केला, म्हणून थोडी नाराजीही झाली. म्हणून त्याचं कारण आज सविस्तर सांगतो.

संगमावरून बाहेर पडलो तेव्हा पाणी शांत होतं. वर कुरव पक्षी घिरट्या घालत होते, एक समुद्री गरुड खडकावर बसला होता. पुढे तीन-चार बोटी एका जागी गोल फिरताना दिसल्या. कोणाच्या तरी बोटीत गाणी लावलेली. मधे दोन काळसर पाठी वर आल्या की सगळ्या बोटी इंजिन वाढवून तिकडे धावायच्या. पाठी बुडाल्या की पुन्हा शोध. आमच्याही बोटीत 'तिकडे घ्या, तिकडे घ्या' सुरू झालं. तांडेलाने उलट बोट लांब नेली आणि इंजिन बंद केलं. आपले एक सभासद म्हणाले, "अहो, पैसे मोजलेत आम्ही." तो हसून म्हणाला, "घाय करू नकात, काका. तेंका वाटलां तर येतले. नाय इले तर नाय इले."

पंधरा-वीस मिनिटं नुसतं डुलत बसलो. दोघांना मळमळलं. आणि मग बोटीच्या डाव्या बाजूला, हातभर काठी लांब केली तर लागेल इतक्या जवळ, फुस्स असा आवाज झाला. श्वास सोडण्याचा. एक मोठी मादी आणि तिला चिकटून पिल्लू. आजींनी हात जोडले. फोटो कोणाचाच नीट आला नाही.

इथले मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. ही पाठीवर उंचवटा असलेली जात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहते, खोल समुद्रात निघून जाणं तिच्या स्वभावात नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. वाट काढायची, मासळी शोधायची, पिल्लाला हाक मारायची, ती सगळी आवाजावर. चार इंजिनांच्या गोंगाटात तिने हे करायचं कसं? गॅरंटी विकली की तांडेलाला पाठलाग करावाच लागतो, नाहीतर त्याचे पैसे कापले जातात. बँकेत आम्ही जामीनदाराची सही घेतल्याशिवाय कागद पुढे सरकवत नसू. या गॅरंटीत जामीनदार डॉल्फिन असतो, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि तो मला समजू शकतो. ज्याचं पोट पाण्यावर, त्याला नकाशावरची रेघ बोचणारच. पण त्याच घरांतली पोरं आज बोटी चालवतात, म्हणजे जिवंत समुद्र त्यांच्याही कामाचा आहे. आपल्या नाथसागराचं जायकवाडी अभयारण्य त्याच्या एक वर्ष आधीचं, १९८६ चं, आणि आकाराने दहापटीहून मोठं. आपण त्याचं पाणी रोज पितो. रोहित पक्षी पाहायला आपल्यापैकी किती जण गेलेत, हात वर करा. असो.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं फार सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना तटबंदीपेक्षा आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव याच जास्त भावल्या. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड विहिरी!

येताना एक कासव डोकं वर काढून परत बुडालं. ऑलिव्ह रिडले असावं असं तांडेल म्हणाला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली या जातीची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. सबंध द्वीपकल्पाला वळसा! आणि आपण सहाशे किलोमीटरला कंबरेचा पट्टा बांधून निघतो.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत गेलो. तिथे स्वामिनी नावाचा महिलांचा बचत गट आहे. या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही. कांदळ, तिवर, चिप्पी ही झाडं त्या बोटाने दाखवतात, चिखलावर उड्या मारणारी निवटी दाखवतात, झाडाची मुळं श्वास घ्यायला वर का येतात ते सांगतात. मासळीची, कुरल्यांची पिल्लं याच मुळांत वाढतात. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. त्यानंतर माझ्या टेबलावर शेळ्या, पापड, शिलाई मशीन यांसाठी किती अर्ज आले असतील! 'चिखलातलं जंगल दाखवायचं आहे' असा एकही अर्ज आला नव्हता. उतरताना मी विचारलं, हिशेब कोण लिहितं? एकीने कमरेला खोचलेली वही काढून दाखवली. अक्षर उत्तम होतं.

या वर्षी पुन्हा जायचं घाटत आहे. माझी सूचना अशी की बोट दोन भागांत घ्यावी, स्पीकर घरी ठेवावा, आणि गॅरंटीवाल्याचा फोन आला तर नम्रपणे ठेवून द्यावा. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा डिसेंबर बरा. नावं माझ्याकडे किंवा कॅशिअरसाहेबांकडे द्यावीत. ज्यांना मळमळतं त्यांनी तसं आधी सांगावं, त्यांना मधल्या बाकावर बसवू.