ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो तेव्हा

इंजिनातला तेलाचा पंप तेल फक्त ढकलतो. दाब तयार होतो तो त्या तेलाला पुढे वाट अरुंद मिळते म्हणून. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागाईतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ठिबकची नळी मध्येच फाटली, तर विहिरीवरची मोटार पूर्वीइतकीच फिरत असते, पण शेवटच्या ओळीतले झाड कोरडे राहते. जुन्या गाडीच्या ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो तेव्हा हेच घडलेले असते. कुठेतरी तेल कमी ढकलले जाते, नाहीतर कुठेतरी ते जास्त सांडते. तिसरी शक्यता सर्वांत स्वस्त असते : काटाच खोटे बोलत असतो.

वऱ्हाडात जुनी विलायती स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते, पण तिच्या इंजिनाचे कुळ अमरावती-अकोल्याच्या मिस्त्र्यांना परके नाही. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोल अँबॅसडरला वर्षानुवर्षे १४८९ सीसीचे ‘बी-सीरीज’ इंजिन होते. १९५५ साली आलेली एम.जी.ए. ही दोन आसनी गाडी त्याच इंजिनावर धावली, आणि १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एम.जी.बी.चे १७९८ सीसीचे इंजिन हा त्याचाच थोरला भाऊ. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि ट्रायम्फ स्पिटफायर यांचेही असेच नाते आहे. हेराल्डचे ९४८ सीसीचे आणि पहिल्या स्पिटफायरचे ११४७ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले. साहेबाच्या अँबॅसडरचे प्रेशर का बसले हे ज्या मिस्त्र्याने कधीकाळी शोधून काढले, त्याला एम.जी.बी.समोर बिचकण्याचे कारण नाही.

बी-सीरीज इंजिनात तेलाची वाट साधी आहे. इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या चेंबरमधून गाळणीवाटे पंपात, तिथून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून ब्लॉकमधल्या मुख्य नळीत आणि तिथून क्रँकच्या मेन बेअरिंगांकडे. क्रँकला आतून पाडलेल्या भोकांतून ते कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडला पोहोचते, आणि एक फाटा कॅमशाफ्टवरून वर रॉकरकडे जातो. दाब फार वाढला तर जादा तेल परत चेंबरमध्ये सोडायला स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. एम.जी.बी.साठी कंपनीने दिलेले आकडे असे : गाडी चालू असताना दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड, आणि इंजिन गरम होऊन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना १० ते २५ पौंड.

हे आकडे विलायती हवेत ठरलेले आहेत, आणि अकोल्याचा मे महिना म्हणजे ४५ अंश. तेल तापले की पातळ होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. या गाड्यांत वापरायच्या २० डब्ल्यू ५० तेलाचा घट्टपणा ४० अंशांवर जितका असतो, त्याचा १०० अंशांवर साधारण नववा हिस्सा उरतो. म्हणून भर दुपारी रेल्वे फाटकापाशी उभ्या गाडीचा काटा दहा-बारा पौंडांवर आला, तर ते दुखणे नव्हे. फाटक उघडून गाडी वेगात आली की काटा पन्नासकडे चढला पाहिजे, एवढेच पाहायचे. हजार फेऱ्यांमागे दहा पौंड हा मिस्त्र्यांचा ठोकताळा इथे उपयोगी पडतो. उलट हल्लीच्या गाड्यांसाठीचे पातळ तेल जुन्या इंजिनात ओतले गेले असेल, तर निरोगी इंजिनही आजारी दिसू लागते. आधी तेल कोणते आहे ते विचारावे. इंजिनाला दोष नंतर द्यावा. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाचा पिंजलेला तंतू अडकून गाडी तापत असेल, तर त्याचा हिशेबही शेवटी प्रेशरच्या मीटरवरच दिसतो.

तपासणीची सुरुवात तेलाच्या काडीपासून होते. पातळी खाली असेल, तर गाळणी तेलाबरोबर हवाही ओढते. याची खूण घाटात मिळते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना तीव्र वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूला सरते, गाळणी उघडी पडते आणि काटा क्षणभर कोसळून पुन्हा वर येतो. वळणावरच काटा पडत असेल, तर एक लिटर तेलात काम भागू शकते. काडीवरच्या तेलाचा वासही घ्यावा. अँबॅसडर आणि हेराल्डचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरते. मग पातळी वाढलेली दिसते आणि दाब मात्र पडलेला असतो. तेल वाढले म्हणून समाधान मानणारा मालक इथेच फसतो. एम.जी.बी.चा विजेचा पंप गाडीच्या मागच्या बाजूला असल्याने तिला हा रोग होत नाही.

त्यानंतर मीटर. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ साली शोधलेली वाकडी, चपटी नळी अशा मीटरच्या पोटात असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काट्याला ओढते. पन्नास-साठ वर्षांत ती नळी थकते, इंजिनातून येणारी बारीक नळी चेपते किंवा गाळाने तुंबते. ज्या गाड्यांत मीटरऐवजी लाल दिवा असतो, तिथे त्याचा स्विच बिघडतो. शिवाय तो दिवा साधारण पाच-सात पौंडांच्या खाली आल्यावरच लागतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा उशीर झालेला असतो, आणि दिवा विझलेला आहे यावरून सगळे ठीक आहे असेही ठरत नाही. यावर उपाय एकच. ब्लॉकवर त्याच जागी दुसरा, खात्रीचा मीटर लावून आकडा घ्यायचा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि ते न करता इंजिन खोललेल्या गाड्या कमी नाहीत.

दुसऱ्या मीटरनेही दाब कमीच दाखवला, तर तो कधी कमी होतो हे टिपायला हवे, कारण दोष कुठे आहे हे त्यावरूनच कळते. यासाठी इंजिन पूर्ण तापणे जरुरीचे असते. पाण्याचा काटा दहा मिनिटांत जागेवर येतो, तेलाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. अमरावती-अकोला महामार्ग या कामाला उत्तम. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत घातली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. अशा सपाट रस्त्यावर एका वेगाने अर्धा तास गाडी चालवली की तेलाचे तापमान स्थिर होते. मग तीन आकडे लिहून घ्यायचे : सकाळी थंड इंजिनाचा, वेगातला आणि थांबल्यावर स्लोवरचा.

थंड असतानाही आणि वेगातही काटा एकाच कमी आकड्यावर अडकून बसत असेल, तर संशय रिलीफ व्हॉल्व्हवर जातो. बी-सीरीज इंजिनात तो ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागच्या टोकाशी, डोमनटखाली असतो. एका पान्याने उघडतो. बसण्याच्या जागी कचरा अडकलेला असतो, किंवा स्प्रिंग दबून आखूड झालेली असते. नवी स्प्रिंग स्वस्त असते आणि दोष बहुधा तेवढ्यावर मिटतो. मात्र स्प्रिंगमागे वॉशर घालून प्रेशर ‘वाढवण्याची’ जी युक्ती गॅरेजांत चालते, तिचा गरम इंजिनाच्या स्लोवर काहीच उपयोग नाही. तिथे दाब मुळातच इतका कमी असतो की व्हॉल्व्ह बंदच राहतो. वॉशरमुळे फक्त वरची मर्यादा वाढते. गाडी विकायची असेल तर ही युक्ती कामाची. गाडी ठेवायची असेल तर नाही.

थंड असताना काटा उत्तम, वेगात मध्यम आणि तापल्यावर स्लोवर जवळजवळ शून्य, असे असेल तर पंप किंवा बेअरिंग. या दोघांना गाठायचे तर चेंबर उतरवावेच लागते. पंपात एकात एक फिरणारे दोन रोटर असतात. त्यांच्या वर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालायचे. पाच थाऊपेक्षा, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांपेक्षा, जास्त फट निघाली तर पंप बाद.

बेअरिंगची गोष्ट याहून गंभीर. तिथली फट एक ते अडीच थाऊ, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते, आणि तेल अडवण्याचे काम तीच करते. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर तेल आठपट सांडते. चांगला पंपही तिथे हात टेकतो. कानाला कळणारी खूणही आहे. ओझ्याखाली चेंबरमधून जाड, घुमणारा ठोका आला तर मेन बेअरिंग. ॲक्सिलरेटर सोडताना हलकी, झटपट खडखड आली तर बिग एंड. स्पिटफायरच्या इंजिनात आणखी एक जागा पाहावी लागते. क्लच दाबल्यावर पुढची पुली स्पष्ट सरकत असेल, तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजलेले असतात. ते वेळीच बदलले नाहीत तर निखळून चेंबरमध्ये पडतात आणि क्रँकबरोबर ब्लॉकही निकामी होतो.

बेअरिंगची टोपी उघडल्यावर मोजमाप प्लास्टिकच्या बारीक दोऱ्याने होते. क्रँकच्या जर्नलवर दोऱ्याचा तुकडा ठेवून टोपी ठरलेल्या ताकदीने कसायची आणि परत उघडायची. दोरा जितका चपटा आणि रुंद झाला, तितकी फट लहान; रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची. क्रँकवर ओरखडे नसतील आणि जर्नल गोल असेल, तर नव्या शेल बेअरिंगवर भागते. तसे नसेल, तर क्रँक ग्राइंडिंगला द्यायचा आणि तितक्याच अंडरसाइजची बेअरिंगे बसवायची. ‘इंजिन कामाला आले’ हे वाक्य मिस्त्र्याने उच्चारावे ते इथे, त्याआधी नव्हे.

जोडणी झाल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. पंप कोरडा असतो, आणि पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचाही. आधी चारही प्लग काढायचे, इग्निशनची तार सोडवायची आणि बॅटरी दमणार नाही अशा बेताने, थांबत थांबत, स्टार्टर फिरवायचा. इंजिनावर ताण नसल्याने ते हलके फिरते आणि पंप तेल ओढू लागतो. मीटरचा काटा जागचा हलून वर चढला की प्लग परत बसवायचे.