भूगोल आणि भाकरी



भूगोलावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. मलाही वाटले होते. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण या विषयाशी माझी गाठ प्रथम पडली ती पुस्तकात नव्हे, पत्र्याच्या शेडमध्ये.

1990 नंतरची काही वर्षे मी भोसरीच्या एका कारखान्यात काढली. नाव सांगण्याचे कारण नाही. एप्रिल-मेमध्ये पत्रा असा तापे की दुपारी काम हटकून घसरे. आम्ही छताला गरम हवा बाहेर टाकणारे पंखे मागितले. व्यवस्थापक सज्जन होते. खुर्ची देऊन म्हणाले, "आपले हवामानच असे आहे. उष्ण देशातला माणूस सुस्तावणारच, त्याला मी काय करू?" त्याच शेडच्या टोकाला मापे तपासण्याची खोली होती. गेज तापले की माप चुकते, म्हणून ती बारा महिने वीस अंशांवर ठेवलेली. पोलादाचा उन्हाळा कारखान्याने हटवला होता. माणसाचा मात्र देवाने दिलेला!

पुढे वाचता वाचता कळले की साहेबांचे ते मत त्यांचे एकट्याचे नव्हते. हंटिंग्टन नावाच्या अमेरिकन भूगोलज्ञाने 1915 साली एक ग्रंथ लिहिला. तिकडच्या कारखान्यांतल्या उक्त्या कामाचे आकडे त्याने ऋतूंशी ताडून पाहिले आणि थंड, पालटत्या हवेतच माणसाची कर्तबगारी फुलते असे ठरवले. त्याच्याही आधी, 1857 साली, इंग्लंडात बकलने हिंदुस्थानचा निकाल लावला होता. इथे भात मुबलक पिकतो, अन्न स्वस्त होते, प्रजा वाढते, मजुरी पडते. म्हणून शूद्राची गुलामगिरी ही हवामानाचीच देणगी, असा त्याचा हिशेब. आता आपल्या देशावरच्या कष्टकऱ्याच्या ताटात भात पडे तो सणावारी. एरवी ज्वारी-बाजरीची भाकरी. आणि भाकरी खाणाऱ्याची मजुरीही तेवढीच पडलेली होती! बकलने आमची भाकरी पाहिलीच नव्हती.

या मताला चोख उत्तर दिले फ्रेंचांनी. विदाल द ला ब्लाश आणि त्याच्या वाटेने जाणारा इतिहासकार ल्युसियाँ फेव्र यांचे म्हणणे असे की निसर्ग हुकूम सोडत नाही, तो शक्यता पुढे ठेवतो. त्यातून माणूस निवडतो आणि त्या निवडीतून त्याची राहणी, त्याची संस्कृती घडते. फेव्रचा ग्रंथ 1922 चा. मला हे म्हणणे पटते. पण युनियनच्या माणसाला एक खोड असते. वाक्यात "माणूस निवडतो" असे आले की तो विचारतो, कोणता माणूस?

आपल्या पुण्याचेच घ्या. पुणे शहरावर वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या थोडी वर आहे. फरक म्हणावा तर फार नाही. मग पुणे हे विद्येचे माहेरघर, आणि बीडचे नाव काढले की ऊसतोडणी, हे कसे? आपल्या पाठीशी सह्याद्री आहे, हे खरे. घाटमाथ्यावरचे पाणी आपल्याला मिळते, बीडला नाही. ही निसर्गाची मर्यादा मी नाकारत नाही. तरी ते पाणी आपण होऊन पेठांत आलेले नाही. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ बांधून हौदांत पाणी आणले. 1879 साली खडकवासल्याचा तलाव झाला. पुढे पानशेत आले. ते 1961 च्या 12 जुलैला फुटले, तेव्हाचे हाल ज्यांनी सोसले त्यांच्या घरी अजून सांगतात. धरण पुन्हा बांधले. शाळा, छापखाने, ही व्याख्यानमाला, सारे या आणलेल्या पाण्यावर उभे आहे.

आता कालव्याने खाली चला. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. दुष्काळात अन्न पिकावे, हा त्याचा हेतू. पुढे बारामतीकडच्या त्या कोरड्या मुलखात त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला. ही निवड होती, आणि ज्यांच्याकडे जमीन आणि पाटाचे पाणी होते त्यांनी ती केली. त्यांच्या घरात ती फळली, याचा मला मत्सर नाही. पण तो ऊस तोडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडचा गडी निघतो. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच अंगावर, मजुरी टनावर. मुलांची शाळा मध्येच तुटते. मुलीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून तिचे लग्न लवकर उरकतात. आपण शहाणे लोक याला म्हणतो, दुष्काळी भागाची रीत! एका तालुक्याने केलेली निवड दुसऱ्या जिल्ह्यात पोचते तेव्हा तिला हवामान असे नाव पडते.

याहून वेगळी निवड आपल्याच जिल्ह्यात झाली. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार पुरंदर तालुक्यात नायगावला गेले. देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेतली, पाणी अडवले, जिरवले. ताली, बांध पुष्कळांनी घातले आहेत. मला मोठी वाटते ती पाणी पंचायतीची नियमावली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचे, एका कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. पाऊस तोच, माळ तोच, पण या वेळी निवडणाऱ्यांत भूमिहीनही मोजला गेला. पुढे यांतल्या कित्येक योजना थकल्या, काही बंद पडल्या. शेजारी कुणी ऊस लावून पैसा करताना दिसत असता हा नियम पाळणे सोपे नव्हते. साळुंखे 2002 साली गेले.

आमच्या शेडला पंखे लागले, तेही सांगून टाकतो. दोन उन्हाळे भांडावे लागले. दुपारचे काम पुष्कळसे सावरले. हवामान होते तेच होते.

आज आपण इथे वसंतात बसलो आहोत. कोयत्याची माणसे नुकतीच गावी परतली असतील. ज्यांची उचल फिटली नाही, त्यांचा पुढच्या हंगामाचा फड मुकादमाच्या वहीत आताच लिहिला गेला आहे.