कानात नळी बसवल्यानंतर



मुलाच्या कानात ग्रोमेट, म्हणजे ती इवलीशी नळी, बसवून घरी आणलं की आजीचा हात हमखास तेलाच्या वाटीकडे जातो. लसूण घालून कोमट केलेलं तेल! त्यामागची माया खरी आहे, पण इथे तो हात धरायलाच हवा. पडद्यामागे साचलेलं चिकट पाणी निघून जावं, आत हवा खेळावी, म्हणून पडद्याला मुद्दाम छेद देऊन ही नळी बसवलेली असते. तेल त्याच वाटेने मधल्या कानात उतरतं किंवा नळीच बुजवून टाकतं.

पहिले दोन-तीन दिवस रक्ताची झाक असलेलं थोडं पाणी आलं तर घाबरू नका. पुढे कधी सर्दीबरोबर कान वाहू लागला, की ऑपरेशन फसलं असं पालकांना वाटतं. तसं नसतं. नळीवाटे पू बाहेर पडतो, म्हणून तर मूल ठणक्याने रात्रभर रडत नाही. डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनचे थेंब पुरतात, पोटात औषध द्यावं लागत नाही. मनाने दुकानातून थेंब मात्र आणू नका. जेंटामायसिन, निओमायसिनचे थेंब नळीतून आत गेले तर आतल्या कानालाच अपाय होऊ शकतो.

बाटली आधी मुठीत धरून ठेवा, कारण गार थेंबांनी चक्कर येते. थेंब टाकल्यावर कानाच्या भोकापुढचा मऊ उंचवटा चार-पाचदा हलके दाबा, म्हणजे औषध आत उतरेल. बाहेर आलेला पू कापसाने टिपा. कानात काडी घालू नका. आठवड्यात कान सुकला नाही किंवा ताप आला, तर पुन्हा दाखवा.

साध्या आंघोळीला दर वेळी कापसाचा बोळा लागतोच असं नाही. विहीर, नदी, तळं आणि पाण्यात बुड्या मारणं मात्र टाळावं. आणि घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनो, तुमच्या धुरानेही लेकराचा कान वाहतो.

नळी साधारण 6 ते 18 महिन्यांत आपोआप गळून पडते. दोन-तीन वर्षं तशीच राहिली तर काढावी लागते. क्वचित पडद्याचं भोक बुजत नाही. हे घरी कळत नाही. तेव्हा कान कोरडा असला, मूल हसत-खेळत असलं, तरी तपासणीची आणि ऐकण्याच्या चाचणीची तारीख चुकवू नका.