अतिविचार आणि अवधान



'माइंडफुलनेस' हा शब्द हल्ली सर्वतोमुखी झाला आहे. मात्र ही वस्तू परक्या मुलुखातून आली असे समजण्याचे कारण नाही. पालीतील 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'. तिच्यासाठी र्‍हीस डेव्हिड्स या पंडिताने १८८१ साली हा इंग्रजी शब्द योजिला. मराठी वाचकाला बौद्ध विचाराचा परिचय करून देणारे धर्मानंद कोसंबी तर गोव्यात जन्मलेले. मला स्वतःला 'अवधान' हाच प्रतिशब्द जवळचा वाटतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी तेवढेच मागतात. ('सजगता' हा शब्द वाईट नाही, पण त्याला अजून घरचा वास येत नाही.)

विचार करणे हा दोष नव्हे. वाचनालयात उभे राहून तसे म्हणणे अप्रशस्तच होईल! पण चिंतन पुढे सरकते. अतिविचार घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच रिंगणात फिरतो आणि आपण कोसभर चाललो असे त्याला वाटते. सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ साली मांडले की, खिन्नतेची कारणे व परिणाम घोळवीत बसणार्‍यांची खिन्नता अधिक काळ टिकते. खिन्नतेचा उलगडा व्हावा म्हणून जो विचार आरंभिला, तोच तिला खतपाणी घालतो.

याचेच दुसरे रूप म्हणजे स्वतःची वाट स्वतःच अडविणे. १९७८ साली बर्गलास आणि जोन्स या अमेरिकन संशोधकांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी देऊन 'तुम्ही उत्तम यश मिळविलेत' असे सांगितले. पुढच्या चाचणीपूर्वी दोन औषधांतून निवड करावयाची होती. एक बुद्धीला साहाय्य करणारे, दुसरे तिला मंद करणारे, असे त्यांना सांगण्यात आले. आपल्या यशाचे कारण ज्यांना उमगले नव्हते, त्या मुलांचा कल मंद करणार्‍या औषधाकडे अधिक दिसला. मुलींमध्ये हा परिणाम आढळला नाही. अपयशाचे खापर फोडायला औषध हाताशी असले की बुद्धीची अब्रू शाबूत राहते! महाविद्यालयात शिकविणार्‍याला हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री सिनेमाला जाणारा हुशार मुलगा आणि 'आणखी चार संदर्भ पाहतो' म्हणत प्रबंध वर्षानुवर्षे कपाटात ठेवणारा संशोधक हे एकाच कुळातले. ज्याचे परीक्षण झालेच नाही, तो प्रबंध वाईट ठरत नाही.

मग अवधान येथे काय करते? ते विचारांना हाकलीत नाही. श्वासाकडे लक्ष द्यावे. मन भटकले की भटकले एवढे ओळखावे, आणि न रागावता परत यावे. 'हे प्रकरण फसणार' आणि 'हे प्रकरण फसणार असा विचार मनात आला' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढेच कमवायचे आहे. पहिल्या वाक्यापाशी लेखणी खाली पडते. दुसर्‍यानंतर निदान एक परिच्छेद लिहून होतो. समर्थांनी 'मनाचे श्लोक' रचले, त्या २०५ श्लोकांची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच की, तेथे बोलणारा निराळा आणि मन निराळे. आणि त्या मनाला समर्थ शिव्या देत नाहीत, सन्मानाने हाक मारतात. आपण आपल्या मनाशी इतक्या सभ्यतेने क्वचितच बोलतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, तो आठ आठवड्यांचा. इगतपुरीचे विपश्यना शिबिर दहा दिवसांचे. एका रविवारी डोळे मिटून बसून काही साधेल, या भ्रमात कोणी राहू नये.

शिवाय हे सर्वांवरचे औषध नव्हे. टीसडेल व त्यांच्या सहकार्‍यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना नैराश्याचे तीन वा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यात या पद्धतीने पुनरावृत्ती बरीच घटली. दोनच झटके आलेल्यांना मात्र तसा लाभ दिसला नाही. म्हणून ज्याची झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, जगणेच नकोसे झाले आहे, अशा माणसाला घरच्यांनी 'श्वासाकडे बघ' असे सांगून वाटेला लावू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे, आणि सोबत कोणीतरी जावे.