ऐकलेला उपदेश आणि दारातला माणूस

मंडळी, देवळात हात जोडणं सोपं असतं. दाराशी आलेल्या भुकेल्याला आपला म्हणणं अवघड. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, येशू ख्रिस्त शिकवतात की, भुकेल्याला दिलेला घास आणि परक्याला दिलेला आसरा मलाच पोचतो. ऐकायला गोड! पण आचरायचं कसं?

पंडिता रमाबाईंकडे पाहा. तरुणपणी दुष्काळाच्या वणवणीत त्यांचे आईवडील गेले. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढं १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांची सोय केली. नुसतं जेवू घालून बाई थांबल्या नाहीत. वाचणं-लिहिणं, विणकाम, शेतकाम, छपाई असं पोटापाण्याचं शिक्षण दिलं. दया दाखवली, पण मिंधं ठेवलं नाही.

आपल्या दारी काही तीनशे जणी येणार नाहीत. एखादीच येईल. गुरुजी, मागच्या रांगेत गप्प बसलेल्या मुलीला हळूच विचारा, "बाळ, सकाळी जेवलीस का?" शेतकरीदादा, जिला हिशेब कळत नाही, तिची मजुरी अडवू नका, पुरी मोजून तिच्या हातावर ठेवा. अडलेल्या मजुरीची हाक देवाच्या कानी जाते, असं याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे.

धर्म कोणताही असो, कसोटी हीच. उपदेश रविवारी ऐकायचा. तो पाळायचा मात्र सोमवारी, बांधावर आणि वर्गात.