बिनचौकटीची खिडकी

इंदापूर तालुक्यांतील वरकुट्याचें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. भोंवतीं ऊंस, माजघरांत एकच संगणक, आणि तो साऱ्यांचा. थोरला मुलगा रात्रीं त्यावर खेळ खेळतो. धाकट्या बहिणीला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा असतो. वडिलांना मधूनच सातबाऱ्याचा उतारा पाहावयाचा असतो. अर्जाची मुदत मध्यरात्रीं संपणार, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी थोडीं मिनिटेंच टिकणार. "दादा, जरा ऊठ ना," असें बहीण म्हणते. दादा आल्ट व टॅब या दोन कळा एकदम दाबतो. पडदा काळा होतो, लुकलुकतो, पुन्हां काळा होतो. बहिणीचा ओटीपी तेवढ्यांत वायां जातो, आणि दादा परत येऊन पाहतो तों खेळच बंद पडलेला. भांडणाला एवढें कारण पुरे.

वास्तविक दोष दोघांचाही नव्हे. जुन्या पद्धतीनें 'फुलस्क्रीन' चालणारा खेळ पडद्याचा एकटा मालक होऊन बसतो. पडद्यावर बिंदू किती असावेत, चित्र सेकंदाला किती वेळां बदलावें, हें तो आपल्या सोयीनें ठरवूं शकतो. त्यांतून बाहेर पडणें म्हणजे मालकी सोडणें, आणि परत येणें म्हणजे ती पुन्हां मिळविणें. डायरेक्ट-थ्रीडी ९ वर रचलेल्या खेळांत तर मालकी सुटतांच ग्राफिक्स कार्डांतील बरीचशी सामग्री रद्द होई व ती नव्यानें भरावी लागे. कर्त्यानें ही तजवीज नीट केली नसली, कीं खेळ तेथेंच कोसळे.

यावरील तोड मोठी साधी आहे. खेळ फुलस्क्रीन चालवावयाचाच नाहीं. साध्या विंडोंत चालवावयाचा. मात्र तिची वरची पट्टी व कडा काढून टाकावयाच्या, आणि आकार बरोबर पडद्याएवढा ठेवावयाचा. डोळ्यांना फरक दिसत नाहीं; संगणकाच्या लेखीं मात्र ती इतर खिडक्यांसारखीच एक खिडकी, केवळ बिनचौकटीची. कळा दाबल्या कीं ब्राउझर तत्काळ पुढें येतो. हिला 'बॉर्डरलेस' म्हणतात. अनरियल इंजिनांत हिचेंच नांव 'विंडोड फुलस्क्रीन' असें आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेला 'राजी' हा खेळ याच इंजिनावर उभा आहे, हें जातां जातां सांगण्यासारखें आहे.

ही सोय फुकट मिळत नसे. २००७ सालीं आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साऱ्या खिडक्यांचीं चित्रें एकत्र जुळवून पडद्यावर पाठविणारा एक कारभारी मध्यें बसला. खेळाचें चित्रही त्याच्या हातून जाई, आणि त्यांत सुमारें एका चित्राचा विलंब होई. सेकंदाला ६० चित्रें दाखविणाऱ्या पडद्यावर हा विलंब १६.७ मिलिसेकंदांचा. बुद्धिबळाला तो कांहींच नव्हे; नेमबाजीच्या खेळांत मात्र तो जाणवतो, आणि चढाओढीचे खेळाडू त्यावर रागावत ते उगाच नव्हे. विंडोज ८ नंतर (२०१२) चित्राची नक्कल न करतां तें थेट पुढें सरकविण्याची रीत आली. पडद्यावर दुसरें कांहीं आड नसलें, तर कारभाऱ्याला वगळतां येऊं लागलें. विंडोज ११ च्या २०२२ मधील सुधारणेनें कित्येक जुन्या खेळांनाही ही रीत लागू करण्याची सोय सेटिंग्जमध्यें ठेवली. त्यामुळें विलंबाची जुनी तक्रार आतां पुष्कळशी ओसरली आहे.

दुबळ्या यंत्राची अडचण मात्र राहतेच. बिनचौकटीची खिडकी पडद्याच्या मापाची. पडदा १९२० × १०८० बिंदूंचा असला, तर प्रत्येक चित्रासाठीं वीस लाखांहून अधिक बिंदू रंगवावे लागतात. १२८० × ७२० ला ९,२१,६०० पुरतात. जुन्या पद्धतींत खेळ पडद्यालाच खालच्या मापावर आणूं शके. येथें खेळानें आंतल्या आंत लहान चित्र काढून तें ताणण्याची सोय ठेवली असली तरच निभाव लागतो. शेजारीं दुसरा मॉनिटर असला, तर माउसचा बाण ऐन लढाईंत तिकडे निसटतो, ही आणखी एक फजिती.

वरकुट्याच्या त्या घरीं दादानें खेळांतील 'डिस्प्ले मोड' एकदां बदलून ठेवला, तर बहिणीचा ओटीपी वायां जाणार नाहीं. मात्र कळा दाबण्यापूर्वीं खेळ थांबवावा. खिडकी मागें गेली तरी पुष्कळसे खेळ चालूच राहतात, ग्राफिक्स कार्डाला राबवितात. आणि अर्ज भरून होईपर्यंत शत्रू दादाला तेथें गांठून मारूनही टाकतो.